भावजी गाडीत बसून बघतात

माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांबरोबर एकदा खरेदीला गेलेल्या माणसाला त्या दुकानात पुन्हा तोंड दाखवता येत नाही. हे मी रागाने लिहीत नाही, अनुभवाने लिहिते आहे. गादी घ्यायची असली तर भावजी दुकानातच चपला काढून तिच्यावर आडवे होतात आणि शेजारच्या गिऱ्हाइकाला ‘जरा दिवा बंद करता का’ म्हणतात. कलिंगडाला ते कान लावतात इथवर ठीक, पण मग तेच कलिंगड उचलून अनोळखी बाईंच्या कानाला लावतात. ताई लग्नाच्या पहिल्याच वर्षी शहाणी झाली आणि तिने त्यांच्याबरोबर बाजारात जाणं सोडलं. म्हणून जुनी गाडी बघायची वेळ आली तेव्हा ते माझ्या वाट्याला आले.

गाडी हवी होती आईसाठी. नव्वदीचं दशक संपत आलं होतं. आई माझ्याकडे विरारला राहायची. अर्धांगाने तिची उजवी बाजू लुळी पडली, तेव्हापासून ती घराबाहेर पडली नव्हती. व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाई वसईला, आणि रिक्षात आईला तोल सावरता येईना. खरं कारण तिने एकदाच सांगितलं. ‘मला पोत्यासारखं उचलताना सगळी बिल्डिंग बघते. मी नाही खाली येणार.’ व्यायाम लांबला तर हात कायमचा आखडेल, असं डॉक्टरांनी स्पष्ट बजावलं होतं. माझे यजमान बोटीवर. तेव्हा बसायला सोपी गाडी शोधायचं काम माझं आणि भावजींचं.

जुन्या गाड्यांच्या बाजारात प्रत्येक गाडी एकाच हातची असते आणि तो हात डॉक्टरचा असतो. वसई-विरार पट्ट्यात खरंच इतके डॉक्टर असते तर इथे कोणाला साधा ताप आला नसता. मीटर मागे फिरवलेलं, खाऱ्या हवेने खाल्लेला पत्रा लांबीचा लगदा भरून रंगवलेला, इंजिन आपण पोचायच्या आधीच तापवून ठेवलेलं. हे सगळं मी बघायचे. ऑइलची काठी ओढून, पुसून, पुन्हा घालून बघायलाही मी शिकले. भावजींनी बॉनेटमध्ये कधी डोकं घातलं नाही. ‘इंजिनात आई बसणार आहेत का?’ एवढंच ते म्हणाले. त्यांची परीक्षा एकच होती. ते आई व्हायचे.

गोखिवऱ्याला एका गाळ्यासमोर हे पहिल्यांदा घडलं. भावजी म्हणजे धिप्पाड, झुपकेदार मिशांचा माणूस. त्यांनी उजवा हात लोंबता सोडला, उजवा पाय मेल्यासारखा केला आणि म्हणाले, ‘सुनंदा, घे मला आत.’ मला थट्टा वाटली. पण ते माझ्या अंगावर कलायला लागले. मी काखेत हात घालून त्यांना रेटलं, तर त्यांचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं. ‘आईंना लागलं असतं,’ ते शांतपणे म्हणाले. ‘ही नको.’ वेल्डिंगवाले काम सोडून बाहेर आले होते. एजंटाने मला बाजूला घेतलं. ‘मॅडम, साहेबांना आधी हॉस्पिटलात दाखवा. गाडी कुठे पळत नाय.’ मी पर्समध्ये नसलेला रुमाल शोधत राहिले.

कामणला तर गाडी घराच्या अंगणातच होती. भावजी अर्धे सीटवर, अर्धे बाहेर लटकलेले असताना मालकाची म्हातारी आई तांब्या घेऊन धावत आली.

‘बाय, पानी पाज त्याला. नवरा का तुजा?’

‘बहिणीचा नवरा आहे, आजी. धडधाकट आहे.’

‘मंग असा कशाला करतो?’

भावजी लटकल्या जागेवरूनच म्हणाले, ‘सासूबाईंसाठी बघतोय, आजी. जास्त बोलता येत नाही, तोंड वाकडं आहे माझं.’

पुढे पुढे एजंट आम्हाला ओळखायला लागले. विरारच्या एकाने तर आम्ही येणार म्हणून आजूबाजूच्या दुकानदारांना बोलावून ठेवलं होतं. त्या दिवशी जमीन दुभंगली असती तर मी आनंदाने आत गेले असते.

शेवटी वसईच्या एका निवृत्त मास्तरांची व्हॅन मिळाली. दार बाजूला सरकणारं, सीट बेताच्या उंचीची. भावजी पाठमोरे टेकले, मी त्यांचे पाय आत फिरवले, आणि ते बसले. मास्तर म्हणाले, ‘हॉर्न त्याच्या मनात आलं तरच वाजतो, सांगून ठेवतो.’ इतकं खरं बोलणारा विकणारा पहिल्यांदाच भेटला; मला तेवढ्यानेच भरून आलं.

गाडी आल्यावर आईला कशीबशी तयार केली. खुर्चीत बसवून जिन्यावरून उतरवली आणि वर बघते तर प्रत्येक गॅलरीत माणसं. आईने डाव्या हाताने पदर तोंडावर ओढला. ‘मला वर ने,’ ती म्हणाली. तेवढ्यात व्हॅनच्या पलीकडून भावजींचा आवाज चढला. लिंबू कुठल्या चाकाखाली ठेवायचं यावरून ते वॉचमनशी भांडत होते. ‘मागच्या चाकाखाली? तुमच्या गावाला गाड्या उलट्या चालवतात काय?’ मग ते लिंबू शोधायला चक्क गाडीखाली पालथे शिरले. सगळ्या गॅलऱ्या तिकडे वाकल्या, हशा पिकला. माझे कान तापले. तेवढ्यात ताईने आणि मी आईला टेकवलं, पाय फिरवले, दार सरकवलं. आईने पदर बाजूला करून काचेतून बघितलं. ‘काय भांडकुदळ माणूस आहे,’ ती म्हणाली.

संध्याकाळी मी वॉचमनची माफी मागायला गेले. तो गोंधळला. ‘लिंबू साहेबांनीच दिलं होतं, मॅडम. मागच्या चाकाखाली ठेव, असं तेच बोलले.’

आई नंतर नेमाने वसईला जात राहिली. हात पुष्कळ सुटला. शेवटपर्यंत आल्यागेल्याला ती जावयाच्या त्या भांडणाची गोष्ट रंगवून सांगायची. भावजी समोर बसून चहा प्यायचे आणि म्हणायचे, ‘चूक वॉचमनचीच होती.’ मी त्यांच्या कपात आणखी थोडा चहा ओतायचे.