प्रणालीचा धक्का

मैदानाच्या कडेला रोज उभं राहिलं की किस्से आपोआप गोळा होतात. मी आमच्या मुलींच्या हॉकी टीमची मॅनेजर. म्हणजे पाणी, बर्फ, पट्ट्या आणि रडारड माझ्याकडे. यंदाचे निम्मे किस्से एकट्या प्रणालीचे.

ही भिवापूरची, अंगाने दणकट. शाळेत कबड्डी खेळलेली, हॉकीत अगदी नवी. कोच डोंगरे सरांनी तिला कॅम्पला ठेवून घेतलं, पण स्पष्ट सांगितलं, "शेवटच्या मॅचनंतर ठरवू, राहायचं की घरी जायचं."

*

पहिल्याच दिवशी तिने आमच्या कॅप्टनकडून, निकिताकडून, बॉल झकास काढला. आणि तो तिथेच टाकून धावत आपल्या हाफमध्ये परतली.

"अवं, बॉल काहून सोडला?" निकिताने विचारलं.

"शिवलं ना तुले. आऊट झाली तू."

*

मग सर म्हणाले, "नुसती स्टिक नको, बॉडी वापर."

तिने वापरली. निकिता थेट माझ्या बाकापाशी येऊन पडली. मी तिच्या गुडघ्याला बर्फ लावत होते, तेवढ्यात सर शेजारी येऊन म्हणाले,

"ताई, ताकद भरपूर आहे. पण एक दिवस ही कोणाचा तरी पाय मोडंल. मग मी काय सांगू तिच्या मायबापाले?"

प्रणाली घाबरत जवळ आली. "सर, तुम्हीच म्हटलं, बॉडी वापर."

"बॉल आणि तिच्या मधात उभी राहाय म्हटलं. तिच्या आरपार जाय नाही म्हटलं."

*

त्यानंतर तिने धसकाच घेतला. सरावात कोणी अंगावर आलं की ही बाजूला सरकायची. एका संध्याकाळी तिच्या बाजूकडून आत शिरून समोरच्यांनी गोलावर गोल केले.

"आता तर दरवाजा उघडून देऊन राहिली," सर कपाळाला हात लावून म्हणाले.

निकिता अजून लंगडत होती. ती म्हणाली, "सर, पाडत होती तेच बरं होतं."

*

मॅचच्या आदल्या दिवशी प्रणाली माझ्याजवळ येऊन बसली.

"काकू, थोडंसं पाडलं तर चालते का?"

"थोडंसं म्हणजे किती?"

"उठली पाहिजे, एवढं."

मला हसू आलं. तिला नाही आलं.

*

शेवटची मॅच शहरातल्या सदर भागातल्या मैदानावर होती. तिचे बाबा भिवापूरहून आले, तिची खोलीवरची बॅग भरून, ती घेऊनच उभे राहिले. आम्ही एका गोलने पुढे, वेळ संपत आलेली. तेवढ्यात समोरची फॉरवर्ड बॉल घेऊन एकटी सुटली. मधे फक्त प्रणाली. डीमध्ये, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळात, धक्का दिला असता तर पेनल्टी स्ट्रोक, म्हणजे गोल झाल्यातच जमा.

"धक्का नको," सर पुटपुटले. मी देवाचं नाव घेत होते.

प्रणालीने हात लावला नाही, स्टिकही घातली नाही. नुसती तिच्या खांद्याला खांदा लागता लागता राहील इतक्या जवळून धावत राहिली, तिला गोलपासून कडेकडे नेत. डीच्या टोकापर्यंत पोचता पोचता त्या पोरीच्या स्टिकवरून बॉल निसटला आणि रेषेबाहेर गेला. लगेच मॅच संपल्याची शिट्टी झाली.

सर तिच्या बाबांकडे वळले. "ती बॅग खोलीवर ठेवून द्या."

मग प्रणालीला विचारलं, "बॉल काढायले स्टिक तरी घालायची. काहून नाही घातली वं?"

ती घाम पुसत म्हणाली, "तिचा दम तुटला होता, सर. मी फक्त सोबत गेली."