बिनखुणेचा शर्ट

मावशींना गल्लीतली माणसं चेहऱ्याआधी कॉलरवरून ओळखू यायची. तेवीस वर्षं इस्त्री केल्यावर दुसरं काय होणार! कोणाला घाम जास्त, कोण विचार करताना बाही चावतो, कोणाच्या घरी बटण लावायला माणूस उरलेलं नाही, सगळं टेबलावर उघडं पडायचं. कपडा आला की कॉलरच्या आत त्या गिऱ्हाइकाच्या रंगाच्या दोऱ्याचे दोन टाके घालायचे, हा त्यांचा नेम. मास्तरांचा हिरवा, औषधवाल्याचा काळा, बँकेतल्या बाईंचा नारिंगी. ते टाके बघून मावशींचे यजमान गठ्ठे बांधत. एखाद्या कपड्याला टाके घालायचे राहून गेले, तर ढिगात त्याच्या खाली ज्याचा कपडा असेल त्याच्या गठ्ठ्यात तो घालायचा, असा यजमानांनी आपला एक कायदा करून ठेवला होता. बहुतेक वेळा तो बरोबर निघायचा.

घरच्या कपड्यांना मात्र खूण नव्हती. घरचं ते घरचं. ते कुठे जाणार?

दुकान रस्त्यावर, घर त्याच्या डोक्यावर आणि जिना मागच्या बोळातून. रस्त्याच्या एका टोकाला टेकडीवरचं कॉलेज, त्याचा संघ निळा. दुसऱ्या टोकाला पुलापलीकडचं कॉलेज, त्याचा संघ तांबडा. बास्केटबॉलचे सामने सुरू झाले की गल्लीतली चांगली शहाणीसुरती माणसं कामातून जायची. मास्तर, म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर, कट्टर निळे. समोरच्या दुकानातला औषधवाला पक्का तांबडा. कॉलेज सोडून दोघांनाही तीस वर्षं झालेली, आणि चेंडूला हात दोघांनीही कधी लावलेला नाही. पण भांडायची जागा ठरलेली: मावशींचं टेबल.

महिन्यापूर्वीच्या सामन्यात निळे एका गुणाने हरले. तेव्हापासून रोज तेच.

“बास्केट झाली होती!” मास्तर टेबलावर मूठ आपटत. “चेंडू जाळीतून खाली आला, आणि ती बया शिट्टी फुंकते! म्हणे चार्जिंग. म्हणे आमच्या पोराने धडक दिली!”

“दिलीच,” औषधवाला शांतपणे म्हणे. “आमचा पोरगा खांबासारखा उभा होता. तुम्ही गाडी शिकवता ना? मग सांगा, उभ्या गाडीवर जाऊन आदळलं तर चूक कोणाची?”

“उभी गाडी आयत्या वेळी आडवी घातली असेल तर उभ्याची!”

“तरीच तुमचे विद्यार्थी नापास होतात.”

“आणि तुमच्या रेड्यांनी आमच्या सेंटरला, बास्केटखाली खेळणाऱ्या पोराला, चाळीस मिनिटं कोपरं मारली, तेव्हा कुठे गेली होती शिट्टी?”

“अंगाला अंग लागणारच हो. एवढं नाजूक असाल तर बुद्धिबळ खेळा.”

“तेच म्हणतोय मी! खेळू द्या की मग. माझ्या गाडीत माझ्या पायाखालीही ब्रेक आहे. पण प्रत्येक खड्ड्याला मी तो दाबतो का? रेफरी असा पाहिजे. ही बया बसलीये सारखी ब्रेकवर पाय ठेवून!” आणि मग एक दिवस मास्तरांनी आवाज खाली आणला. “एकदा गाठायला पाहिजे तिला. हात मोडले म्हणजे शिट्टी कशी धरते बघू.”

“मावशी, धूर! माझा कोट!” औषधवाला ओरडला.

मावशींनी इस्त्री उचलली. पांढऱ्या कोटावर पिवळट त्रिकोण उमटला होता. तेवीस वर्षांत त्यांनी कधी कोणाचा कपडा जाळला नव्हता.

कारण ती बया मावशींची धाकटी लेक होती.

धाकटी तीन तासांवरच्या गावात शाळेत खेळ शिकवायची. सामना असला की आदल्या दिवशी यायची, मागच्या जिन्याने वर जायची आणि मागच्याच जिन्याने उतरायची. हे मावशींनी लावून दिलेलं वळण. पोरगी काय करते असं कोणी विचारलं की “शाळेत आहे” म्हणून त्या मोकळ्या होत. तिचा रेफरीचा करडा पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट त्या दुकानात कोणी नसताना, उलटा करून, वर चादर पसरून इस्त्री करत. जणू चोरीचा माल.

भीती काही आजची नव्हती. धाकटी एकोणीस वर्षांची असताना स्वतः खेळायची. बास्केटखाली उंच उडी मारली, हवेत असतानाच कोणीतरी ढकललं, आणि खाली आली ती वाकड्या गुडघ्यावर. सगळ्यांनी बघितलं. रेफरी दोन हातांच्या अंतरावर उभा होता. त्याने शिट्टी ओठांपर्यंत नेली, घोषणा देणाऱ्या गर्दीकडे पाहिलं आणि हात खाली घेतला. तिचं खेळणं तिथे संपलं. वर्षभराने ती रेफरीच्या परीक्षेला बसली, तेव्हा यजमानांना कौतुक वाटलं आणि मावशींना धास्ती बसली. ती धास्ती अजून गेली नव्हती.

आणि आता रविवारी अंतिम सामना होता. पुन्हा निळे-तांबडे. दोन रेफरींपैकी एक धाकटी.

“सांग की, ताप आलाय,” शनिवारी सकाळी मावशी तिला म्हणाल्या. “एक सामना नाही केलास तर काय आभाळ कोसळणार आहे? ते हात मोडायच्या गोष्टी करतात गं. माझ्या टेबलावर, माझ्यासमोर.”

धाकटी गुडघ्याला पट्टा बांधत होती. “आई, माझ्या वेळी ज्याने शिट्टी वाजवली नाही ना, त्यालाही घरी कोणीतरी हेच सांगितलं असेल.”

मावशींनी करडा शर्ट उचलला. तो घेऊन त्या खाली आल्या, इस्त्री केली, घडी घातली आणि वर न्यायचा म्हणून क्षणभर ढिगावर ठेवला. तेवढ्यात बँकेतल्या बाई पडदे घेऊन आल्या. पडदे मोजून, नारिंगी टाके घालून होईपर्यंत अर्धा तास गेला. मागे वळून बघतात तर शर्ट नाही.

“अहो, इथे एक करडा शर्ट होता...”

“बांधला की,” यजमान म्हणाले. “खूण नव्हती. खाली मास्तरांची पँट होती, म्हणून त्यांच्या गठ्ठ्यात घातला. मास्तर घेऊनही गेले मघाशी.” आणि मग मावशींचा चेहरा बघून त्यांच्या ध्यानात आलं. सुतळीचा गुंडा हातातच राहिला. “अगं... आपला होता?”

मावशी चपला घालायच्याही विसरल्या. ड्रायव्हिंग स्कूल चार दुकानं सोडून, पण ते अंतर सरता सरेना. शर्टाच्या खिशात जास्तीची शिट्टी होती, हे त्यांना अर्ध्या वाटेत आठवलं. कोणा गिऱ्हाइकाचा आहे म्हणून सांगावं. चुकून आला म्हणावं. नाव माहीत नाही म्हणावं. त्यांनी तीन खोट्या गोष्टी तयार केल्या आणि काचेचं दार ढकललं.

मास्तर खुर्चीत मागे रेलून हसत होते. गठ्ठा सुटलेला. टेबलावर, रस्त्यांच्या खुणांच्या तक्त्याखाली, तो शर्ट पसरलेला आणि त्यावर शिट्टी.

“या मावशी, या! बघा काय लॉटरी लागली. त्या बयेचा शर्ट! बाईच्या मापाचा आहे, दुसरी बाई रेफरी आहे कुठे! तुमच्याकडेच टाकते होय इस्त्रीला? मी फोटो काढून आमच्या निळ्यांच्या ग्रुपवर टाकलासुद्धा. नुसता धुडगूस चाललाय.”

“काय लिहिलंत?”

“लिहिलं, रेफरी आमच्याच इस्त्रीवालीकडे सापडली.” मास्तरांनी फोन पुढे केला. “हे बघा, एकजण विचारतोय, दुकान कुठलं. दुसऱ्याने सांगितलंय, औषधांच्या दुकानासमोर. कोणाची आहे ही, मावशी? राहते कुठे?”

तिन्ही खोट्या गोष्टी मावशींच्या तोंडाशी होत्या. त्यांनी शर्ट उचलला, आपोआप घडी घातली, आणि घडीवर हात ठेवून म्हणाल्या, “माझ्या घरी राहते. माझी धाकटी आहे ती, मास्तर.”

मास्तरांचं हसू चेहऱ्यावरच राहिलं. खाली कुठे उतरावं ते त्याला कळेना.

“तुमची? ती गुडघा मोडलेली?” मग त्यांनी टेबलावर राहिलेली शिट्टी मावशींपुढे सरकवली. “मावशी, मी ते हात मोडायचं... अहो, बोलायची पद्धत असते ती. मी मुंगी मारत नाही.”

“तुम्ही नाही मारत,” मावशी म्हणाल्या. “पण त्या फोनमधल्या सगळ्यांना तुम्ही ओळखता का?”

मास्तरांनी घाईघाईने फोटो पुसला. तोवर तो शंभरजणांनी पाहिला होता.

चार वाजता ते आले. आधी तिघे, मग सात-आठ, निळ्या टी-शर्टातले. ओळखीचा एकही नाही. ते दुकानात आले नाहीत, समोर नुसते उभे राहिले. एकाने तोंडाने लांब शिट्टी वाजवली, बाकीचे हसले. “काय हो, इथे चार्जिंगचे कपडे धुतात का?” मग कोणीतरी अर्ध्या ओढलेल्या शटरवर थाप मारली. धडाड! यजमानांनी शटर पूर्ण खाली ओढलं. आत अंधार झाला, इस्त्रीचा लाल दिवा तेवढा राहिला. वर धाकटीची पावलं वाजली. ती जिन्याकडे निघाली होती.

“खाली येऊ नकोस!” मावशी ओरडणार होत्या, पण बाहेरच्यांना कळेल म्हणून त्यांनी तोंड मिटलं. त्या धावत मागच्या दाराशी गेल्या, कडी लावली आणि पाठ टेकून उभ्या राहिल्या. पलीकडून धाकटी म्हणत होती, “आई, उघड, मी बोलते त्यांच्याशी.” अलीकडे मावशी पाठीने दार आणखी दाबत होत्या. आपली पोरगी आपणच बाहेर कोंडली, आणि बोळातून कोणी आलं तर? त्यांनी घाईने कडी काढली, तिला आत ओढलं आणि कडी पुन्हा लावली.

तेवढ्यात बाहेर करकचून ब्रेक लागला. शटरच्या फटीतून पाहिलं, तर मास्तरांची शिकवायची गाडी, टपावर पाटी असलेली, दुकानाला चिकटून आडवी उभी.

“काका, गाडी काढा की.”

“बंद पडलीये,” मास्तर आतूनच म्हणाले. “आणि तुम्ही इथे कशाला? भांडण शिट्टीशी आहे ना आपलं? मग मैदानावर ओरडा, घसा फुटेपर्यंत ओरडा, मीही ओरडणार आहे. हे घर आहे.”

“ग्रुपवर तुम्हीच टाकलं होतं, काका.”

“टाकलं. चुकलं माझं. आता काय लिहून देऊ?”

कोणीतरी गाडीचं बॉनेट बडवलं. शब्दाने शब्द वाढायला लागला. आणि मग रस्त्यापलीकडून औषधवाल्याचा आवाज आला; मास्तरांनी त्यालाही सगळं सांगितलेलं दिसत होतं. तो दुकानाच्या पायऱ्यांवर उभा होता, आणि पिवळा त्रिकोण उमटलेल्या त्या कोटावर त्याने गळ्यात तांबडा मफलर अडकवला होता.

“अरे, त्या मुलीला काय विचारता? तुमच्या पोराला धड थांबता येत नाही, ते मला विचारा! बास्केट नव्हतीच ती. आणि उद्या दहा गुणांनी हरणार आहात!”

सगळी निळी डोकी एकदम वळली.

“थांबता येत नाही? तुमचा उभा होता का? सरकत होता तो!”

“दोन्ही पाय जमिनीवर होते. चष्मा लागलाय का? या, डोळ्यांचे थेंब देतो.”

“आणि चौथ्या भागात मानेवर कोपर मारलं ते?”

“त्याला प्रेमाने शेकणं म्हणतात!”

ते सगळे रस्ता ओलांडून गेले. पायऱ्यांवर तासभर नुसता कल्ला. धडक कोणाची, कोपर कोणाचं, किती धक्का म्हणजे खेळ आणि किती म्हणजे मारामारी. औषधवाला एकटा, घाम पुसत, एकेकाला पुरून उरत होता, आणि कोणी इस्त्रीच्या दुकानाकडे मान वळवतोय असं दिसलं की निळ्यांच्या कोचवर काहीतरी बोलून पुन्हा आग पेटवत होता. अंधारात धाकटी फटीला कान लावून ऐकत होती आणि पुटपुटत होती, “नियम सांगतोय तो चुकीचा आहे, पण चालू दे.” मावशींनी तिचं मनगट दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलं होतं.

रविवारी निघण्याआधी मावशींनी तो शर्ट पुन्हा इस्त्री केला, या वेळी सुलटा, शटर उघडं ठेवून. मग सुई घेतली. घरच्यासाठी रंग ठरलेलाच नव्हता. डब्यात हाताला आला तो जांभळा घेतला. सातव्या खेपेला सुईत दोरा गेला.

सामन्याला त्या पहिल्यांदाच गेल्या. चेंडू कुठे आहे ते त्यांना एकदाही कळलं नाही. त्या नुसत्या करड्या शर्टाकडे बघत होत्या. प्रत्येक शिट्टीला अर्धं मैदान उठायचं. डावीकडे मास्तर “अगं, दिसत नाही का!” म्हणून ओरडायचे आणि लगेच “तुम्हाला नाही, मावशी” म्हणायचे. निळे चार गुणांनी जिंकले. तांबड्यांच्या बाजूने एक पाण्याची बाटली मैदानात आली आणि धाकटीच्या पावलांपासून हातभर अंतरावर फुटली. तिने वाकून ती उचलली, बाजूला ठेवली आणि गुणांच्या कागदावर सही करायला गेली. औषधवाल्याने हात दिला तेव्हा कुठे मावशी उठल्या.

परत मास्तरांच्याच गाडीतून. मागे धाकटी आणि औषधवाला, पुढे मास्तरांच्या शेजारी मावशी.

“ताई, राग मानू नका,” मास्तर आरशात बघत म्हणाले, “पण महिन्यापूर्वीची ती बास्केट होती.”

“नव्हती, मास्तर.”

“बघा, नव्हती!” मागून औषधवाला ओरडला.

“आणि तुम्ही काल सांगत होता तो नियमही तसा नाही,” धाकटी त्याला म्हणाली.

मैदानाच्या फाटकाशी अजून गर्दी होती. कोणीतरी काचेत डोकावलं. मास्तरांनी गियर टाकला, क्लच सोडला, ॲक्सिलरेटर दाबला. गाडी दोन हात पुढे गेली आणि धक्का खाऊन बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद. तीस वर्षं गाडी शिकवणाऱ्या माणसाच्या कपाळावर घाम आला. मग त्यांनी वाकून शेजारच्या सीटपुढे, खाली पाहिलं.

तिथे, शिकवणाऱ्याच्या ब्रेकवर, मावशींची दोन्ही पावलं होती, सगळा भार टाकून रोवलेली.

“मावशी,” मास्तर हळूच म्हणाले, “पाय काढा. जाऊ द्या तिला घरी.”

मावशींनी एक पाय काढला.