पातोडीतली साखर

"पाहून किती गेले ते नको सांगू. जेवून किती गेले?"

समोरच्या काकू रोज सकाळी आमच्या दाराशी येऊन हेच विचारायच्या. तुम्ही रिसोडात कुणाच्या लग्नात जेवला असाल, तर बहुधा त्यांच्याच हातचं जेवला असाल. त्यांच्या पाककृतींची वेबसाइट मी बनवून दिली होती. मला बनवणं जमतं, बोलणं जमत नाही. बोलायचं काम काकू दोघींच्या वतीने करायच्या.

साइटवर कोण येतं ते आपोआप मोजणारा प्रोग्राम मी बसवला, तेव्हा त्यांनी त्याची कसून चौकशी केली.

"हा दिवसभर दारातच बसून राह्यते?"

"हो. सकाळी मला कळवतो, कोणत्या गावाहून किती आले, किती वेळ थांबले."

"चाय तं नाही मांगत?"

येणाऱ्यांत बरीचशी नुसती यंत्रं असतात, हे ऐकून त्या म्हणाल्या, "बिनपोटाचे पाहुणे मोजू नको." मी ती गाळली.

मालेगाव, मानोरा, वाशीम ऐकताना त्या भाजी निवडत राहायच्या. मग सहज आठवल्यासारखं, "अन् इंदूर?"

"इंदूरला कोण आहे तुमचं?"

"कोनी नाही. लहान बहीन हाय."

बहिणीच्या पातोडीत, म्हणजे रश्श्यात सोडायच्या बेसनाच्या वड्यांत, गाठी झाल्या, असं काकू एका बारशाच्या पंगतीत सगळ्यांसमोर बोलल्या होत्या. तेव्हापासून इंदूरचा फोन बंद. काकूंनी करायचा, तर गाठी नव्हत्या असं म्हणावं लागणार. "अन् गाठी तं होत्या."

एके दिवशी इंदूर उगवलं. कुणीतरी पातोडीची कृती उघडून बराच वेळ थांबलं होतं. काकूंनी भाजी खाली ठेवली.

"लिही. पातोडीच्या रश्श्यात दोन चमचे साखर."

"तुम्ही कुठे घालता?"

"तू लिही न वं."

दुसऱ्या दिवशी इंदूर पुन्हा पुन्हा. "चरफडून राह्यली असन," काकू समाधानाने म्हणाल्या. मग रश्श्यात काजू आले, त्यानंतर टोमॅटो सॉस. इंदूर वाढत गेलं. इकडे मालेगावच्या एका लग्नघराने निरोप धाडला, आमच्याकडे गोड रस्सा चालायचा नाही. आयुष्यभर कमावलेलं नाव जायची वेळ आली. मी घाबरून सगळं पुसायला निघाले.

"थांब," काकू म्हणाल्या. "पिस्ते लिही."

दुपारी त्यांचा फोन वाजला. पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला.

"मायनं कधी पिस्ते टाकले होते वं?"

काकूंनी मला डोळा मारला. "तुले कोनं सांगतलं?"

"लोक बोलून राह्यले इंदुरात."

"बरं." काकूंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "तुह्या गाठी... लहानच होत्या."

एवढी माघार त्यांनी कुणापुढे घेतलेली मी पाहिली नव्हती.

दिवाळीला त्या इंदूरला गेल्या आणि तिथेच रमल्या. दोघी मिळून आता तिथल्या लग्नांचे स्वयंपाक करतात म्हणे. समोरच्या दाराला कुलूप आहे. आकडे रोज सकाळी येतात, विचारायला कुणी येत नाही. फोन मीही करू शकते. पण तिकडून "हॅलो" आल्यावर पुढे काय बोलायचं, ते मला सुचत नाही.

पातोडी मी केव्हाच दुरुस्त केली. परवा मात्र झुणक्याची कृती उघडली आणि फोडणीत चमचाभर मध लिहिला.

आज सकाळच्या आकड्यांत इंदूर आहे. मी फोनचा आवाज मोठा करून ठेवला आहे.