तेलाचा हात

करंजाच्या तेलाचा कडवट वास आला की माझी बोटं अजून आपोआप आवळतात. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी पेणला कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होतो आणि रोह्याच्या एका कंपनीच्या कबड्डी संघाची निवड होती. निवडलं तर नोकरी पक्की. मी डाव्या कोपऱ्यावर खेळायचो, घोट्याच्या पकडीवरच माझी सगळी मदार. सकाळी निघताना आईनं माझ्या चिरलेल्या तळहातांना तेल चोळलं. कॉलेज सांभाळून मी मिठागरात कामाला जायचो; तिथलं खारं पाणी झोंबू नये म्हणून ती रोज चोळायची, तसंच. वाटेत जिरेल, असं मला वाटलं. पहिल्याच चढाईला समोरच्याचा घोटा हातात आला आणि सटकला. मी तळवे मातीत घासले, चड्डीला पुसले, पुन्हा झेपावलो. दुसराही सटकला, तिसराही. "साहेब, अजून एक चढाई द्या, पाया पडतो," मी गयावया केली. निवड करणारे साहेब वहीतून मान वर न करता म्हणाले, "झेप चांगली हाय रे, पण पकडीत जोर नाय." घरी आल्यावर आईनं आधी माझे हात पाहिले. "नाय निवडला तर नाय. हात झोंबले नाय ना रे?" "नाय गो आई, तेलानं बरं वाटलं." ती हयात होती तोवर मी तिला खरं सांगितलं नाही. निवडीच्या दुसऱ्या दिवशी ती पुन्हा तेलाची वाटी घेऊन आली, आणि मी हात पुढे केले.