डाव्या पायासाठी पनवेलला

पायाचं हाड जुळलं, पण माझं लंगडणं काही थांबेना. साठ सालाच्या आसपासची गोष्ट. शाळेच्या जिन्यावरून पडले होते. प्लास्टर निघालं, डॉक्टर म्हणाले आता काही दोष नाही, तरी डावा पाय टाकताना अंग आक्रसायचं. रजा संपत आलेली आणि मी शिकवायचे तो वर्ग वरच्या मजल्यावर. तेवढ्यात पनवेलहून कुसुममावशीचा निरोप आला, थोडे दिवस इकडे ये. मावशी मुलींच्या शाळेत कवायत शिकवायची. गुडघ्यानं दगा दिला म्हणून लवकर निवृत्त झालेली.

तेव्हा ठाण्याहून एसटी मुंब्र्याच्या डोंगराला वळसा घालून जायची. तिकीट स्वस्त, पण भरल्या पोटी बसू नये असा रस्ता. शेजारी उरणची एक कोळीण होती, पायाशी मासळीच्या रिकाम्या पाट्या. मी दांडा घट्ट धरून बसलेली पाहून ती म्हणाली, "बाय, आंग सोर जरा. ताठ बसलीस म्हनून दनके लागतान."

मला वाटलं होतं, मावशी व्यायाम घेईल. तिनं ओटीवर चटई टाकली, मला उताणं झोपवलं आणि कुठली टाच जमिनीला जास्त टेकते एवढंच विचारलं. मला सांगताच येईना. घाई नाही, म्हणाली. हळूहळू लक्षात आलं, उजवी नीट टेकलेली आणि डावी जणू अधांतरीच. मग गुडघा किंचित उचलायचा, इतका सावकाश की बघणाऱ्याला झोपलीय वाटावं. दुखायच्या आत थांबायचं. दुपारी वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी. संध्याकाळी गाढी नदीवर फिरणं. भातकापणी झालेली, कोन गावाच्या बाजूनं पेंढ्याचा वास यायचा.

एका संध्याकाळी नदीच्या वाळूत मावशीनं मला थांबवलं. "डावा पाय टाकायच्या आधी तू श्वास धरतेस."

दुखतं म्हणून धरते, मी चिडून म्हणाले.

"दुखतं, की दुखेल असं वाटतं?"

तिला दाखवायलाच मी पाय टाकला. दुखला नाही. पुन्हा टाकला. मग तिथेच उभी राहून रडले. मावशीनं समजूत घातली नाही, माझं होईपर्यंत पाण्याकडे बघत राहिली. परतताना म्हणाली, तिच्या गुडघ्याशी तिचं पटायला फार दिवस लागले होते.

आज अशा शिकवणीला मोठमोठी नावं आहेत, वर्ग आहेत. मावशीकडे त्याला नाव नव्हतं. मावशी राहायची ती तळ्याकाठची कौलारू घरं आता शोधू नका, मावशीही नाही. नदी आहे, तिच्यासाठी जरूर उतरा.

ठाण्याला हे मला घ्यायला आले होते. पडल्यापासून माझ्यासाठी पावलं आवरून चालायची त्यांना सवय झाली होती. ते पिशवी घेऊन पुढे, मी मागे. थोडं अंतर गेल्यावर त्यांनी मान तिरकी करून माझी चाल ऐकली. मग पावलं भरभर टाकू लागले.