फक्त झाडांचं बोला

आमच्या ग्रुपवर फक्त झाडांचं बोलायचं, हा नियम मीच केला होता. आधीच्या ग्रुपवर सुप्रभात, देवांचे फोटो आणि निवडणुकीची भांडणं यांनी वीट आणला होता. म्हणून बाल्कनीत झाडं लावणारे आम्ही काही जण तिथून उठून वेगळे झालो. ही नवी जागा कुणा एका कंपनीच्या मालकीची नाही. ठिकठिकाणी कुणीतरी हौशी माणूस आपल्या घरी एक छोटा सर्व्हर चालवतो आणि हे सर्व्हर एकमेकांकडे पोस्ट पोचवतात. आमचा सर्व्हर म्हणजे माझा जुना कॉम्प्युटर. दिघीतल्या घरात टीव्हीखालच्या कप्प्यात तो घरघरत असतो.

मी चाकणला एका कंपनीत क्वालिटीला आहे. दिवसभर समोरून पार्ट येतात, मी बघतो, हिरवा स्टिकर लावतो किंवा लाल. फर्स्ट शिफ्ट सुटली की कंपनीच्या बसमध्ये बसून ग्रुपवरच्या पोस्ट तपासायचो. तिथेही तेच काम. मोगरा फुललाय, ठेव. कढीपत्त्यावर कीड पडलीय, ठेव. भाचीच्या लग्नाची पत्रिका, काढ. रोपं देण्याघेण्यावरून एकदा दोघांत जुंपली, तेव्हापासून देणंघेणंही बंद केलं. लोक पाठीमागे मला हेडमास्तर म्हणत. म्हणू देत. शिस्त नसली की चार दिवसांत कुठल्याही ग्रुपचा उकिरडा होतो, असं माझं मत होतं.

गेल्या वर्षी माझी आई गेली. तिसऱ्या दिवशी मी ग्रुपवर मिरचीच्या फुलाचा फोटो टाकला. आईचं काही लिहिलं नाही. नियम होता, आणि खरं सांगायचं तर आतून काही येतही नव्हतं. रडू तेव्हा आलं नाही आणि नंतरही नाही. दाढेला इंजेक्शन दिल्यावर गाल आपला वाटत नाही, तसं सगळं चाललं होतं. कामावर जात होतो, जेवत होतो, लाल-हिरवे स्टिकर लावत होतो.

ताथवड्याच्या एक काकू ग्रुपवर होत्या. मूळच्या तिथल्याच. शेत होतं तिथे आता इमारत, आणि त्याच इमारतीत त्यांचा फ्लॅट. कुंड्यांना गेरू लावून काठावर पांढरे ठिपके काढायच्या. पाणी यजमान घालायचे, फोटो काकू काढायच्या. त्या फोटोंत पुष्कळदा झारी धरलेला यजमानांचा हात यायचा. आम्हाला ते तेवढेच माहीत.

एका दुपारी बसमध्ये काकूंची पोस्ट वाचली. सकाळी टाकलेली होती. ‘आमचे हे गेल्या आठवड्यात गेले. बावीस कुंड्या आहेत. गुडघ्यांमुळे मला पाणी घालवत नाही. कुणी घेऊन जाईल का? झाडं मरू नयेत एवढंच.’ खाली कुणी काही लिहिलं नव्हतं. हेडमास्तर काय करतात, याची सगळे वाट बघत असावेत.

मी ती पूर्ण वाचली. कळली नाही असं म्हणायची सोय नाही, नीट कळली. घरची बातमी आणि वर देणंघेणं, म्हणून काढून टाकली. काढली की तयार ठेवलेला निरोप आपोआप जातो: ‘आपली पोस्ट नियमात बसत नाही. सहकार्याबद्दल आभारी आहोत.’ मग पुढची पोस्ट उघडली. गवती चहा होता. ठेवला.

दोनेक आठवड्यांनी ग्रुपवर एका भाड्याच्या खोलीचा फोटो आला. दाराशी जास्वंद, आणि कुंडीच्या काठावर पांढरे ठिपके. तपासणीचा धंदा माझा, ठिपके लगेच ओळखले. फोटो टाकणाऱ्याला विचारलं, तेव्हा उलगडा झाला. मी पोस्ट काढली की माझा सर्व्हर बाकीच्यांना कळवतो, तुम्हीही काढा. कोकणातल्या एकाच्या सर्व्हरने ते ऐकलं नव्हतं. का ऐकलं नाही, हे त्यालाही आणि मलाही अजून कळलेलं नाही. काकूंची पोस्ट तिथे तशीच राहिली. त्या सर्व्हरवरचे बरेच जण चाकणला कामाला, तिथेच जवळ निघोज्यात खोल्या घेऊन राहणारे. त्यांनी काकूंना निरोप पाठवले, टेम्पो केला आणि कुंड्या उचलल्या. आमच्या ग्रुपमधलेही चौघेजण मदतीला गेले होते. मला कुणी कळवलं नव्हतं.

गुरुवारी सुट्टी होती. पत्ता घेऊन ताथवड्याला गेलो. दार काकूंनीच उघडलं. मी कोण ते सांगितलं आणि लगेच म्हटलं, “काकू, ती पोस्ट मी काढली होती. चुकलो मी.”

“ठावं हाय की,” त्या म्हणाल्या. “पोस्ट टाकली आन् दुपारपावतर फोन हातात धरून बसले व्हते. वाजला, तर तुमचा निरोप. आभारी आहोत म्हनून.” मग म्हणाल्या, “आभार कशाचे, ते इचारायचं व्हतं.”

लाज वाटली. पुष्कळ दिवसांत काहीतरी वाटलं होतं.

बाल्कनीत फरशीवर कुंड्यांचे गोल डाग उरले होते. कोपऱ्यात एकच कुंडी होती, मोगऱ्याची, पार वाळलेली. माझ्या हिशेबाने लाल स्टिकर. तरी म्हटलं, “ही मी नेऊ का?”

“ही न्हाई द्यायची. ह्येंनी शेवटचं पानी हिलाच घातलं. दवाखान्यात निघताना.” मग झारीकडे बोट दाखवून म्हणाल्या, “आलाय तर घाला. मला वाकवत न्हाई.”

मी झारी भरून आणली आणि सावकाश पाणी घातलं. कोरड्या मातीने ते लगेच पिऊन टाकलं. मागे काकूंनी फोन वर धरलेला मला दिसला नाही.

परतीच्या बसमध्ये ग्रुपवर फोटो आला. वाळका मोगरा, झारी आणि एक हात. खाली काकूंनी लिहिलं होतं, ‘आज पाणी घातलं.’ हात माझा होता, तरी बराच वेळ तो त्यांच्या यजमानांचाच वाटत राहिला.

आई गेली तेव्हा तिच्या तोंडात पाणी घालायला मी पोचलो नव्हतो. घरून फोन आला होता, पण मी शिफ्ट संपवून निघालो. हे मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. बस दिघीला पोचेपर्यंत त्या फोटोखाली मी ते सगळं लिहिलं, आणि काढलं नाही.