चार कपांचे यंत्र

बाळंतिणीचे दाटलेले स्तन मोकळे कसे करावेत, हा प्रश्न मला त्या दिवशी सोडवायचा होता. (मी विज्ञानाचा शिक्षक, उत्तर तासाभरात मिळेल, असा अंदाज होता.)

माझ्या बायकोच्या, अश्विनीच्या, पहिल्या बाळंतपणाचा चौथा दिवस. छाती दगडासारखी टणक झालेली, बाळाला तोंडात काही धरता येईना. ते भुकेने रडत होते आणि ही वेदनेने. आई म्हणाली, "आरं, दूध काढायचं मशीन मिळतं म्हनं. जा की!"

देवळाली प्रवरातल्या औषधांच्या दुकानात नेमक्या सगळ्या बायकाच उभ्या होत्या. मी आल्या पावली बाहेर पडलो. शेजारच्या दुकानावर फलक दिसला: 'दूध काढण्याचे यंत्र मिळेल.' शुद्धलेखनही निर्दोष! मी आत गेलो.

"कितवं वेत?" दुकानदाराने विचारले.

(शब्द ग्रामीण, पण प्रश्न शास्त्रीय.) "पहिलेच."

"लाथा मारती?"

"छे! रागावली तर फक्त बोलत नाही."

"कुठनं आनली?"

"पारनेरहून."

"कोरडवाहू भागातली, आन् तरी एवढं दूध? नशीब काढलं, सर!"

मी आभार मानले(!) आणि यंत्र मोटारसायकलला बांधून घरी आणले. खोक्यातून बादलीएवढा कॅन निघाला आणि चार रबरी कप.

आईने कप मोजले. "आरं मास्तरा, तुझ्या बायकूला चार हायेत व्हय?"

"आई, हसवू नका, लई दुखतंय!" अश्विनी एकाच वेळी हसत आणि रडत होती.

शेवटी आईनेच गल्लीतल्या नर्सबाईंना बोलावले. त्यांनी पाजण्याआधी थोडा वेळ कोमट फडक्याचा शेक दिला, स्तनाग्रामागचा काळा भाग बोटांनी हलकेच दाबून थोडे दूध काढले. तो भाग मऊ पडताच बाळाने घट्ट तोंड लावले. घर एकदम शांत झाले.

"भूक लागेल तेव्हा पाजायचं, दिवसरात्र. पाजून झालं की गार फडकं ठेवायचं. ताप आला, कुठं लाल दिसलं, तर दवाखाना," असे सांगून त्या माझ्याकडे वळल्या. "सर, हे तुमच्या विज्ञानात नाही का?"

मी चारही कप परत खोक्यात भरू लागलो.

वाचकांनी वरील कृती आपापल्या नर्सबाईंकडून तपासून घ्यावी, ही विनंती. पुस्तकात स्तन हा शब्द आला की मी आजवर वर्गाला एवढेच सांगत आलो आहे: "हा भाग घरी वाचून या."